पथ्य पाळावे कोठे? : विहार, निसर्ग आणि सार्वजनिक सुविधा

चरकसंहितेच्या विमानस्थानातील तिसरा अध्याय, अर्थात जनपदोद्ध्वंसनीय, आपण सर्वांनी महाविद्यालयात अभ्यासला आहे. वायू, उदक, देश आणि काल हे चार भाव पाठ झाले, की परीक्षेपुरता तो अध्याय संपतो. त्याचा आरंभ मात्र फारसा कोणाच्या लक्षात राहत नाही. पांचाल देशातील काम्पिल्य नगरी, ग्रीष्माचा उत्तरार्ध, आणि भगवान पुनर्वसु आत्रेय शिष्यसमुदायासह गंगातीरावरील वनात फिरत आहेत. हा सारा उपदेश घडतो तो वनविहार करता करता. तेथे अग्निवेश जो प्रश्न विचारतो, तो आजही प्रत्येक वैद्याने स्वतःला विचारावा असा आहे. माणसांची प्रकृती वेगळी, आहार वेगळा, बल, सात्म्य, सत्त्व, वय सारे वेगळे. मग एकाच वेळी, एकाच व्याधीने संपूर्ण जनपद कसे उद्ध्वस्त होते? आचार्यांचे उत्तर असे, की माणसे कितीही भिन्न असली तरी काही गोष्टी सर्वांच्या सामाईक असतात, आणि त्या बिघडल्या की सर्वांचेच बिघडते.

या उत्तराची दुसरी बाजूही तितकीच खरी मानावयास हवी, असे आम्हांस वाटते. सामाईक गोष्टी बिघडल्याने जर सर्वांना व्याधी जडत असेल, तर त्या नीट राहिल्याने सर्वांच्या स्वास्थ्याला आधारही मिळणार. आजच्या शहरातील आणि तालुक्याच्या गावातील सामाईक गोष्टी कोणत्या? बाग, मैदान, टेकडी, नदीचा घाट, पारावरची सावली, चालता येईल असा पदपथ, पाणपोई, बसावयास बाक आणि सार्वजनिक स्वच्छतागृह. आपण केसपेपरवर आहार लिहितो, औषध लिहितो आणि शेवटी विहार लिहितो. पैकी आहार रुग्णाच्या स्वयंपाकघरात घडतो व औषध त्याच्या उशाशी असते. विहार मात्र बहुतांशी अशा जागी घडावयाचा असतो, जी रुग्णाच्या मालकीची नाही. ती जागाच नसेल, तर आपले पथ्य कागदावरच राहते.

चंक्रमण आणि चालण्याची जागा

सुश्रुताचार्यांनी चिकित्सास्थानाच्या चोविसाव्या अध्यायात चंक्रमणाचे गुण सांगितले आहेत. देहाला फार पीडा न होईल अशा बेताने चालणे आयुष्य, बल, मेधा आणि अग्नी वाढविणारे व इंद्रियांना जागृत करणारे आहे. प्रमेहाच्या चिकित्सेत तर ते याहून पुढे जातात. निर्धन प्रमेही रुग्णाने पादत्राण व छत्रीवाचून, मुनिवृत्तीने, एका गावी एकच रात्र राहत शंभर योजने चालावे, अथवा विहीर खणावी, असा उपदेश तेथे आहे. (रुग्णाचा मेद उतरावा आणि गावाला पाणी मिळावे, अशी दुहेरी फलश्रुती असलेली ही चिकित्सा आम्हांस नेहमीच कौतुकास्पद वाटत आली आहे. मात्र कृश प्रमेहीला तेथे जपावयास सांगितले आहे, हेही विसरू नये.)

आता आजच्या प्रमेही रुग्णाकडे पाहू. 'रोज पाऊण तास चाला' असे आपण सांगतो. तो मान डोलावतो आणि तीन आठवड्यांनी परत येतो तेव्हा चालणे झालेले नसते. आपण त्यास आळशी ठरवून मोकळे होतो. 'चालता कोठे?' असे विचारले, की खरे कारण बाहेर येते. पुण्यात पर्वती, तळजाई, हनुमान टेकडी किंवा वेताळ टेकडीच्या आसपास राहणारे रुग्ण भाग्यवान म्हणावयाचे. त्यांचे चालणे सहसा चुकत नाही. एप्रिल २०२३ मध्ये वेताळ टेकडीवरील नियोजित रस्त्याला विरोध करण्यासाठी पुणेकर मोठ्या संख्येने रस्त्यावर उतरले, त्यात रोज पहाटे टेकडी चढणारी पांढऱ्या केसांची मंडळी कमी नव्हती. ज्यांच्या घराजवळ टेकडी नाही, ते सोसायटीच्या वाहनतळात उभ्या गाड्यांमधून येरझाऱ्या घालतात, नाहीतर सायंकाळी सातच्या रहदारीत, धूर गिळत रस्त्याच्या कडेने चालतात. दूषित वायूत केलेला व्यायाम कितपत हितकर, याचा विचार वायूच्या विकृतीचे वर्णन वाचलेल्या वैद्याने करावयास नको काय?

केंद्र शासनाच्या २०१४ च्या नगर नियोजनविषयक मार्गदर्शक तत्त्वांत माणशी दहा ते बारा चौरस मीटर मोकळी जागा असावी, असे म्हटले आहे. मुंबईत ती दोन चौरस मीटरही भरत नाही. म्हणजे फार तर आपल्या पंचकर्म कक्षातील एका द्रोणीएवढी!

तरीही मुंबईनेच आपल्याला एक उत्तम उदाहरण दिले आहे. दादरचे शिवाजी पार्क १९२५ साली लोकांसाठी खुले झाले. सुमारे अठ्ठावीस एकरांच्या त्या मैदानाची कीर्ती क्रिकेटमुळे असली, तरी वैद्याच्या नजरेने पाहता त्याची सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे भोवतालचा कट्टा. चालून दमलेला माणूस वाटेल तेथे टेकू शकतो. दम ओसरला की पुन्हा उठतो. तेरा अधारणीय वेगांत श्रमश्वासाची गणना आहे, आणि त्याच्या धारणाने गुल्म, हृद्रोग व संमोह संभवतो असे चरकाचार्य सांगतात. त्यावर विश्रांती व वातघ्न उपचार हाच उपाय. सत्तरीच्या हृद्रोगी रुग्णास आपण 'दम लागला की बसा' असे बजावतो. पण दीड किलोमीटरच्या रस्त्यावर एकही बाक नसेल तर त्याने बसावे कोठे? तो दम रेटत चालतो, किंवा घराबाहेर पडणेच सोडून देतो. संधिगत वाताच्या रुग्णांचीही हीच कथा. त्यांना सपाट, उंच-सखल नसलेली वाट लागते आणि आपले पदपथ दर दहा पावलांवर चढतात-उतरतात. अशा ठिकाणी एक साधा बाक आणि सलग पदपथ जे काम करतो, ते महायोगराज गुग्गुळाच्या वाढीव मात्रेने होत नाही.

उद्यानाचे दुपारचे कुलूप

ऋतुचर्येत वसंतातील मध्याह्न उपवनात मित्रांसमवेत घालवावा, तर ग्रीष्मात शीतल काननांचा, जलाचा व पुष्पांचा आश्रय करावा, असा निर्देश आहे. वाग्भटाचार्यांनी ग्रीष्मातील दुपारसाठी उंच, दाट वृक्षांच्या वनाचे जे वर्णन केले आहे, ते श्रीमंतांच्या विलासाचे म्हणून अनेक जण बाजूला सारतात. आम्हांस ते तसे वाटत नाही. ग्रीष्मात बल क्षीण असते, उष्ण-रूक्ष गुण वाढलेले असतात, आणि दुपारी सावली मिळणे ही तेव्हा चैन राहत नाही, गरज होते.

आता आपल्या सार्वजनिक उद्यानांच्या वेळा पाहा. पुण्यात आणि इतर अनेक शहरांत बहुतेक उद्याने सकाळी सहाच्या सुमारास उघडतात, दहा-अकराला बंद होतात, आणि चार वाजल्यानंतर पुन्हा उघडतात. अर्थात ज्या प्रहरी शास्त्राने वृक्षच्छाया सांगितली, नेमक्या त्याच प्रहरी वृक्षांना कुलूप. ज्यांच्या घरी पंखा आणि माठ आहे त्यांना याची झळ लागत नाही. बांधकामावरील मजूर, धुणीभांडी करणाऱ्या भगिनी, घरोघर सामान पोहोचविणारी मुले, हमाल आणि रिक्षाचालक यांनी मात्र मे महिन्यातील दोन तास कोठे काढावेत? उड्डाणपुलाखाली किंवा बंद दुकानाच्या पायरीवर. पुढे मूर्च्छा, दाह, मूत्रदाह, नाकातून रक्त येणे अशा तक्रारी घेऊन हीच मंडळी आपल्या दवाखान्यात येतात. आपण उशीरासव, प्रवाळपिष्टी, गुलकंद देतो. ते द्यावेच. पण औषध घेऊन रुग्ण पुन्हा त्याच उन्हात उभा राहणार असेल, तर हेतुसेवन चालूच आहे. निदानपरिवर्जनाला चिकित्सेत प्रथम स्थान देणाऱ्या शास्त्राचे आपण अनुयायी आहोत.

दुपारी उद्याने बंद ठेवण्याची कारणे विचारली तर स्वच्छता, झाडांना पाणी देणे, रखवालदारांची कमतरता ही सांगितली जातात. प्रेमी युगुलांचे कारण हळू आवाजात सांगितले जाते. ही कारणे अगदीच निराधार नसतील. तथापि एप्रिल-मे या दोन महिन्यांपुरते निदान एक प्रवेशद्वार उघडे ठेवणे अशक्य असेल असे आम्ही मानत नाही. अहमदाबादने मे २०१० च्या भीषण उष्णतेनंतर २०१३ साली उष्णतेच्या लाटेला तोंड देण्यासाठी स्वतंत्र कृती आराखडा केला, व तसा आराखडा करणारे ते देशातील पहिले शहर ठरले. आता असे आराखडे अनेक शहरांत आहेत. त्यांत सावलीच्या जागांविषयी वैद्यवर्गाने आपले मत नोंदविणे सर्वथैव उचित होय.

झाडांविषयी एक गोष्ट येथेच सांगून टाकतो. आपल्या टेकड्यांवर वनीकरणाच्या नावाखाली गिरिपुष्प फार लावले गेले. ते लवकर वाढते हे खरे, पण उन्हाळ्याच्या तोंडाशी त्याची पाने झडलेली असतात. कडुनिंब, करंज, वड व पिंपळ यांची सावली चैत्र-वैशाखात मिळते. शिवाय करंज-निंब आपल्या औषधिवर्गातील. लागवडीची यादी ठरत असताना औषधी वनस्पती ओळखणारी माणसे त्या बैठकीत असावीत, एवढेच.

वेगधारण : ज्याविषयी कोणी बोलत नाही

निसर्ग आणि उद्याने यांविषयी लिहिणे सुखाचे असते. स्वच्छतागृहाविषयी लिहिण्यास लेखणी बिचकते. पण चरकाचार्य बिचकलेले नाहीत. सूत्रस्थानाच्या सातव्या, नवेगान्धारणीय अध्यायात तेरा अधारणीय वेग सांगताना त्यांनी आरंभच मूत्र आणि पुरीष यांपासून केला आहे. मूत्रवेगाच्या धारणाने बस्तिशूल, मूत्रकृच्छ्र, शिरःशूल, वंक्षणात आनाह. पुरीषवेगाच्या धारणाने पक्वाशयशूल, शिरःशूल, वात व मलाचा अवरोध, पिंडिकोद्वेष्टन, आध्मान. वाग्भटाचार्यांनी तर सर्व रोगांचे मूळच वेगांचे उदीरण व धारण यांत पाहिले आहे.

प्रज्ञापराध म्हणून वेगधारण करणारे रुग्ण आहेतच; बैठक संपेपर्यंत खुर्ची न सोडणारे अधिकारी आपण पाहतो. परंतु आमच्याकडे येणाऱ्या वेगधारणाच्या रुग्णांत मोठा वर्ग आहे तो बुद्धीने नव्हे तर परिस्थितीने वेग अडविणाऱ्या स्त्रियांचा. पहाटे मंडईत येऊन दुपारी तीनपर्यंत एका जागी बसणारी भाजीविक्रेती, दोन एस.टी. बदलून शाळेत जाणारी शिक्षिका, चौकात आठ तास उभी राहणारी वाहतूक पोलीस भगिनी, शेताच्या बांधावर आडोसा न मिळणारी मजूर. यांना विचारा. त्या सकाळपासून पाणीच पीत नाहीत. म्हणजे मूत्रवेग टाळण्यासाठी आधी तृष्णेचा वेग अडविला जातो, आणि तृष्णाही त्या तेरांपैकीच एक! एका गैरसोयीपोटी दोन वेगांचे धारण, तेही वर्षानुवर्षे. अपान वायूची विकृती याहून वेगळी कशी घडावी?

अशा रुग्णांना चंद्रप्रभा वटी, गोक्षुरादी गुग्गुळ, पुनर्नवा देऊन आराम पडतो यात शंका नाही. आराम पडतो आणि दोन महिन्यांनी तक्रार परत येते. औषधविक्रेते बंधू सांगतात, की मे महिन्यात चंद्रप्रभा वटीचा खप हमखास वाढतो. व्यवसायाच्या दृष्टीने ते ठीकच आहे, परंतु तोच रुग्ण त्याच तक्रारीसाठी पाचव्यांदा येतो तेव्हा त्याचा विश्वास डबीवरून आणि शास्त्रावरून एकदमच उडतो, हेही औषधालयाच्या मालकांनी ध्यानात घ्यावे.

येथे औषधयोजनेचाही प्रश्न आहे. पहाटे साडेपाचच्या गाडीने निघणाऱ्या स्त्रीला रात्री त्रिफळा चूर्ण किंवा एरंडस्नेह दिला, तर दुसऱ्या दिवशीच्या प्रवासाच्या धास्तीने ती तो घेणारच नाही, आणि विचारल्यावर 'घेतला' म्हणून सांगेल. दुपारी बाजारात बसणारीला मूत्रल द्रव्ये सकाळी देणे म्हणजे तिच्या अडचणीत भर घालणे होय. अशा वेळी आम्ही मूत्रल कल्प ती घरी परतल्यावर देतो, आणि अनुलोमनासाठी सुट्टीच्या आदल्या रात्रीपासून आरंभ करून मात्रा हळूहळू बसवितो. औषधकाल ठरविताना दोष व अग्नी यांच्याबरोबर स्वच्छतागृहही विचारात घ्यावे लागते, ही वस्तुस्थिती आहे.

या विषयावर समाजात काहीच घडले नाही असे नाही. २०११ साली मुंबईत महिला संघटनांनी 'राइट टू पी' या नावाने मोहीम सुरू केली. पुरुषांना मुतारी विनामूल्य आणि स्त्रियांकडून मात्र पैसे, हा भेद या मोहिमेने चव्हाट्यावर आणला. पुण्यातील 'मिळून साऱ्याजणी' मासिकाच्या वतीने दाखल झालेल्या जनहित याचिकेवर डिसेंबर २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने महापालिकांना स्त्रियांसाठी पुरेशी व स्वच्छ स्वच्छतागृहे उभारण्यासंबंधी निर्देश दिले. ही दोन्ही कामे वैद्यांनी केलेली नाहीत. वेगधारणाचे दुष्परिणाम सर्वांत जुने व सर्वांत तपशीलवार ज्यांच्या ग्रंथांत आहेत, त्या वैद्यांचा आवाज त्यात कोठे ऐकू आला असता तर बरे झाले असते.

मोकळा वेळ

बाग उघडी आहे, बाक आहे, पण जावयास वेळच नाही, अशीही एक तक्रार असते. मोकळा वेळ ही व्यक्तीची खाजगी बाब आहे असे आपण समजतो. वास्तविक तोही सामाईक व्यवस्थेतूनच मिळतो. मुंबईच्या गिरणी कामगारांना आठवड्याची सुट्टी नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी त्यासाठी सतत प्रयत्न केले आणि १० जून १८९० रोजी रविवारची सुट्टी मान्य झाली. त्यापूर्वीच्या कामगाराला कोणी विश्रांतीचे पथ्य सांगितले असते तर त्याने ते कसे पाळले असते? आज पाळ्यांमध्ये काम करणाऱ्या रुग्णाला रात्रीचे जागरण टाळा म्हणून सांगताना हा विचार मनात यावा. ज्याची पाळी बदलणे शक्य नाही, त्याला दिवसा, जेवणापूर्वी, जागरणाच्या निम्म्या वेळाइतकी झोप घेण्याचा शास्त्रोक्त पर्याय तरी समजावून द्यावा.

आधुनिक निरीक्षणे व आपली उपकल्पना

आपल्या म्हणण्याला आधुनिक संशोधनाचा दुजोरा मिळाला, की काही व्यवसायबंधू अतिशय हर्षित होतात. आम्ही त्याबाबत थोडे सबुरीने घेतो. तथापि नगरपालिकेत किंवा महापालिकेत बोलावयाचे झाल्यास काही निरीक्षणे हाताशी असावीत. रॉजर उलरिक यांनी १९८४ साली 'सायन्स' या नियतकालिकात अमेरिकेतील एका रुग्णालयाचा अभ्यास मांडला. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या तेवीस जोड्या घेतल्या. ज्यांच्या खिडकीतून झाडे दिसत, ते विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले (सरासरी सुमारे आठ दिवसांत, तर इतर पावणेनऊ दिवसांत) आणि त्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली. जपानच्या वनखात्याने १९८२ पासून वनस्नानाचा पुरस्कार केला. २०१९ मध्ये इंग्लंडमधील सुमारे वीस हजार लोकांच्या पाहणीत, आठवड्यातून दोन तास किंवा अधिक निसर्गात घालविणाऱ्यांनी आपले स्वास्थ्य अधिक चांगले असल्याचे सांगितले. अर्थात मुळातच धडधाकट माणसे बाहेर अधिक पडतात, हेही त्यामागील कारण असू शकते. म्हणून अशा आकड्यांवर फार भार टाकू नये.

आम्हांस याहून मोलाचा वाटतो तो चरकसूत्रस्थानाचा पंधरावा, उपकल्पनीय अध्याय. शोधनासाठी आतुरालय कसे असावे हे सांगताना आचार्य घर भक्कम व हवेशीर असावे म्हणतात, धूर, ऊन, धूळ यांपासून सुरक्षित असावे म्हणतात, आणि 'सुखप्रविचार' असावे, म्हणजे त्यात सुखाने हिंडता-फिरता यावे, असेही म्हणतात. पाण्याचा साठा, मलत्यागाची जागा, स्नानाची जागा आणि स्वयंपाकघर त्याच ओघात येतात. पुढे गाणारे, वाजविणारे, गोष्टी व इतिहास सांगणारे लोक येतात. लावा, कपिंजल, हरिण येतात. सवत्स दुभती गाय येते. फिरण्याची सोय, शौचकूप, करमणूक आणि प्राणिमात्रांचा सहवास हे सारे औषधांच्या यादीपूर्वी सांगितले आहे. आज बहुतेक रुग्णांची चिकित्सा अशा आतुरालयात होत नाही; ती गावातच, त्यांच्या नित्याच्या व्यवहारात होते. तेव्हा गावानेच त्या उपकल्पनेचा काही वाटा उचलावयास हवा.

आपल्या हाती काय आहे?

प्रथम केसपेपर. चालता कोठे, कामाच्या ठिकाणी स्वच्छतागृह आहे का, दुपारी सावली मिळते का, हे प्रश्न मल-मूत्र-निद्रा विचारतानाच विचारता येतात. मिनिटभर अधिक जाते. मात्र स्त्रियांना ते एकांतात विचारावेत. प्रतीक्षाकक्षातील गर्दीसमोर कोणी खरे सांगत नाही. मिळालेली उत्तरे रुग्णाचे नाव न लिहिता वेगळ्या वहीत टिपून ठेवली, तर वर्षअखेरीस आपल्या परिसरातील कोणत्या चौकात, कोणत्या बाजारात काय उणे आहे याची नोंद आपोआप तयार होईल. अशी वही घेऊन गेलेल्या वैद्याचे म्हणणे निवेदन घेऊन गेलेल्या वैद्यापेक्षा अधिक ऐकले जाते.

दुसरे, आपला स्वतःचा उंबरा. दवाखान्याचे व औषधालयाचे स्वच्छतागृह रुग्णांसाठी खुले असते काय? अनेक ठिकाणी त्यास कुलूप असते किंवा तेथे औषधांची खोकी रचलेली असतात. औषधालयाच्या दारी एक बाक आणि वाळा घातलेल्या पाण्याचा माठ ठेवावयास फारसा खर्च येत नाही. बाजारपेठेतील औषधालयांनी शेजारच्या विक्रेत्या स्त्रियांना आपले स्वच्छतागृह वापरू दिले, तर तेवढ्याने काही जणींचे पाणी पिणे सुरू होईल.

तिसरे, शाखांनी करावयाचे काम. उद्यानांच्या वेळांविषयीचा अर्ज माघ-फाल्गुनातच द्यावा. वैशाखात दिलेल्या अर्जावर निर्णय होईपर्यंत पाऊस येतो. पुणे महानगरपालिकेने २००६ साली अंदाजपत्रकात नागरिकांच्या सूचना मागविण्याची पद्धत सुरू केली. प्रभागातील पदपथ, बाक, दिवे, स्वच्छतागृहे अशी लहान कामे त्यातून सुचविता येतात. विहित नमुन्यातील अर्ज क्षेत्रीय कार्यालयात मिळतो. पुणे शाखेतील सभासदांनी आपापल्या प्रभागासाठी निदान एक काम सुचवावे, आणि कामाची जागा लिहिताना नेमकी खूण द्यावी. 'मंडईजवळ' असे न लिहिता 'मंडईच्या पूर्व दरवाजालगत' असे लिहिलेले बरे.